डंजन बांधणाऱ्यांना खुलं पत्र

प्रिय लेव्हल डिझायनर मंडळींनो,

फँटसी आरपीजींमधली, म्हणजे एखादं पात्र होऊन खेळायच्या व्हिडिओ गेममधली डंजनं (राक्षसांनी, सापळ्यांनी भरलेल्या गुहा, भुयारं, पडके वाडे) तुम्ही बांधता आणि मी ती उतरतो. वीसेक वर्षं झाली. गेम बनवण्याचं शिक्षण मला नाही, पण एक सवय आहे: मी डंजनांचे नकाशे हाताने काढतो. सुरुवातीला एक जुना खेळ हाती आला, त्यात नकाशाच नव्हता. मग चौकटीची वही घेतली. एक चौकट म्हणजे एक पाऊल, दाराला आडवी रेघ, जिन्याला बाण, सापळ्याला फुली. पुढे खेळांमध्ये मिनीमॅप, म्हणजे पडद्याच्या कोपऱ्यातला छोटा नकाशा आला, तरी वही काही सुटली नाही.

मागच्या महिन्यात त्या जुन्या वह्या चाळत होतो. एका वहीत सलग अकरा पानं निघाली. प्रत्येक पानावर तेच: अरुंद बोगदा, गोल खोली, उजव्या हाताला पेटी, पूल, शेवटची मोठी खोली आणि तिच्या मागून थेट प्रवेशदाराशी आणून सोडणारी वाट. गुहांची नावं लिहायची राहून गेली होती आणि आता कुठलं पान कुठल्या गुहेचं, हे काही केल्या सांगता येईना. त्या खेळात मी साठ तास घालवले होते. एकही गुहा वाईट बांधलेली नव्हती. भिंती देखण्या होत्या, मशालीचा उजेड ओल्या दगडावर चमकायचा, लढाया चुरशीच्या होत्या. तरी अकराच्या अकरा डोक्यातून पुसल्या गेल्या.

त्याच वहीत पुढे एक पान आहे. नकाशा अर्धाच काढलाय. कोपऱ्यात लिहिलंय, ‘नवरा सूप ढवळतोय. बायको पुन्हा भलत्याच खोलीत पाठवणार.’ ते वाचलं आणि सगळा वाडा डोळ्यांसमोर उभा राहिला.

ती जागा म्हणजे 2006 सालच्या ‘द लेजंड ऑफ झेल्डा: ट्वायलाइट प्रिन्सेस’मधलं स्नोपीक रुइन्स. (झेल्डाला आरपीजी म्हणावं का, यावर वाद आहे. पण डंजन कसं बांधावं हे त्याच्याकडून शिकायला हरकत नसावी.) बर्फाच्या डोंगरावर एक पडका वाडा आहे आणि त्यात यतींचं एक जोडपं राहतं. बायको आजारी. शेकोटीपाशी बसलेली. तुम्हाला हवा असलेला आरशाचा तुकडा तिच्या शयनगृहात आहे, पण किल्ली कुठे ठेवली ते तिला आठवत नाही. ती एका खोलीची खूण करून देते. तुम्ही लढत, धडपडत तिथे पोचता, पेटी उघडता, तर आत भोपळा. दुसऱ्यांदा पाठवते, तेव्हा चीज. किल्ली मिळते ती तिसऱ्या खेपेला. दरम्यान नवरा स्वयंपाकघरात मोठ्या भांड्यात सूप ढवळतोय. तुम्ही आणलेला भोपळा तो त्यात घालतो, मग चीज घालतो, आणि दर वेळी ते सूप प्यायल्यावर आधीपेक्षा जास्त बरं वाटतं, म्हणजे जीव किती उरलाय ते दाखवणारे हार्ट जास्त भरतात. शेवटी ती बिचारी स्वतः उठते, तुमच्याबरोबर सावकाश चालत शयनगृहापर्यंत येते, आणि तिथे कळतं की या डंजनाचा बॉस, म्हणजे शेवटी हरवायचा मोठा शत्रू, तीच आहे.

आता यातल्या एकेका गोष्टीकडे बघा. किल्ली शोधायची, कुलूप उघडायचं, बर्फ फोडायचा, राक्षस मारायचे. यातलं काय नवीन आहे? काहीच नाही. पण ते घर आहे. त्या घराला स्वयंपाकघर आहे, घरात आजारपण आहे, आणि तुमच्या चुकलेल्या फेऱ्यासुद्धा घरातल्या माणसांच्या उपयोगी पडतात. तुम्ही पुन्हा पुन्हा त्याच दिवाणखान्यातून जाता आणि दर वेळी तो दिवाणखाना थोडा अधिक ओळखीचा होतो.

मला तुमच्यापुढे हेच मांडायचं आहे. डंजनाला वेगळेपण येतं ते ‘मी यायच्या आधी ही जागा कशासाठी होती’ या प्रश्नाच्या उत्तरातून. ते उत्तर नकाशा काढण्याआधी ठरलेलं असेल, तर दारं, सापळे, राक्षस, सगळं त्यातून आपसूक निघतं. नकाशा आधी काढला आणि उत्तर नंतर एखाद्या डायरीत लिहून टेबलावर ठेवून दिलं, तर ते लेबल होतं. आणि आम्ही खेळाडू लेबलं वाचत नाही. खरं सांगायचं तर पहिल्या दोनचार डायऱ्या वाचतो, मग नुसत्या उचलून विकतो.

हे सगळं ग्राफिक्सच्या जोरावर होतं असं कुणी म्हणत असेल, तर 1981 सालचा ‘विझर्ड्री’ आठवून बघा. दहा मजले, प्रत्येक मजला वीस बाय वीस चौकटींचा, आणि भिंती म्हणजे काळ्या पडद्यावरच्या नुसत्या रेघा. सगळे मजले दिसायला एकसारखे. पण वागायला? एखाद्या चौकटीवर पाय ठेवला की खेळ गुपचूप तुमचं तोंड दुसऱ्या दिशेला फिरवायचा. पडद्यावर काहीच बदलायचं नाही. पुढचे पंधरा चौकोन तुम्ही वहीत चुकीच्या दिशेला काढत जायचे, आणि जिथे भिंत असायला हवी तिथे दार आलं की पोटात खड्डा पडायचा. काही भागांत ठार अंधार असायचा, तिथे चाचपडत भिंतीला आपटून नकाशा काढावा लागे. मजला ओळखायचा तो त्याच्या खोडीवरून.

खोडी हा शब्द मी मुद्दाम वापरतोय, कारण जागेलाही स्वभाव असतो. आणि सगळ्यात चांगल्या डंजनांचा स्वभाव कुणाच्या तरी आयुष्यातून आलेला असतो. ‘बाल्डर्स गेट’च्या 1999 सालच्या ‘टेल्स ऑफ द स्वोर्ड कोस्ट’ या विस्तारात डरलॅग्ज टॉवर आहे. डरलॅग नावाच्या ड्वार्फ योद्ध्याने आपल्या कुळासाठी हा मनोरा बांधला. मग रूप बदलणारे डॉपलगँगर आत शिरले, त्याच्या घरच्यांना मारून त्यांचीच रूपं घेऊन वावरू लागले. ज्यांचे चेहरे आपल्या माणसांचे, त्यांनाच त्याला स्वतःच्या हाताने मारावं लागलं. त्यानंतर त्याचा कुणावरही विश्वास उरला नाही आणि त्याने स्वतःच्याच घरात पावलोपावली सापळे लावले. आरपीजी खेळणारा कुणीही विचारतो की माणूस राहतो त्या ठिकाणी इतके सापळे कशाला? इथे त्याला उत्तर मिळतं, आणि ते उत्तर सापळ्यावर पाय पडताना मिळतं. तळघरातल्या एका मजल्यावर चार राखणदार उभे आहेत: प्रेम, भीती, लोभ आणि गर्व. त्यांचं मागणं पुरवता पुरवता तुम्ही एका माणसाच्या दुःखातून हिंडत असता. मी तो मनोरा दोनदा उतरलोय. दुसऱ्यांदा सापळे काढताना हात थोडा जड झाला होता.

तुमची अडचण मला समजते. शंभरसव्वाशे डंजनं बांधायची असतील तर प्रत्येकाला असा इतिहास कुठून आणणार, आणि प्रत्येकासाठी नव्या भिंती कोण घडवणार? म्हणून तुम्ही किट वापरता: भिंतीचे, कमानींचे, बोगद्यांचे ठरावीक तुकडे, एकमेकांत बसणारे. 2011 सालचा ‘स्कायरिम’ असाच बांधला गेला. त्यावर काम केलेल्या जोएल बर्जेस आणि नेट पर्कीपाइल यांनी 2013 च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये या पद्धतीबद्दल सविस्तर सांगितलं होतं. तेच तुकडे पुन्हा पुन्हा बघून खेळाडूला येणारा शीण, ज्याला ते आर्ट फटीग म्हणतात, त्याचीही त्यांना पुरती कल्पना होती. मी किटच्या विरोधात नाही. उलट माझ्या आवडत्या जागांपैकी एक याच किटमधून उभी राहिली आहे.

स्कायरिमच्या उत्तर किनाऱ्यावर फ्रॉस्टफ्लो लाइटहाउस आहे. हबद नावाचा खलाशी उतारवयात बायको आणि दोन मुलांना घेऊन तिथे राहायला आला. तुम्ही आत शिरता तेव्हा शेकोटीच्या उजेडात बायको मरून पडलेली दिसते, शेजारी चॉरस नावाचा भलामोठा किडा. घरात चिठ्ठ्या, रोजनिशा. तळघरातून आवाज येत होते, कुणी फार मनावर घेतलं नाही. तळघराची भिंत फुटलेली आहे आणि पलीकडे बर्फाच्या गुहा. त्या गुहा तुम्ही आधी दहा ठिकाणी पाहिलेल्या असतात. अगदी त्याच भिंती, तोच निळसर उजेड. पण या खेपेला प्रत्येक वळणावर वाटतं की मुलं कुठे असतील? तळाशी मोठा चॉरस मारला की त्याच्या पोटातून हबदचे अवशेष मिळतात. आपल्या मागे आपल्याला दीपगृहाच्या आगीत ठेवावं, ही त्याची इच्छा. ते घेऊन तुम्ही पुन्हा वर येता, त्याच घरातून, त्याच शेकोटीजवळून, जिन्याने अगदी माथ्यापर्यंत, आणि आगीत ठेवता. बक्षीस काय, तर उपचाराचे मंत्र 10 टक्के जास्त लागू पडतात. मला तो आकडा कधी कामाला आला ते आठवत नाही. जिना चढल्याचं आठवतं.

इथे एका सवयीबद्दल बोलायला हवं. लांबलचक गुहेच्या शेवटी एक खटका दाबायचा, दगड सरकणार, आणि आपण प्रवेशद्वाराच्या वरच्या उंच कठड्यावर बाहेर येणार. परतीचा कंटाळवाणा फेरा वाचतो, सोय म्हणून उत्तम. पण प्रत्येक गुहेत तेच केलं की दारातून आत शिरताच नजर वर जाते, कठडा दिसतो, आणि शेवट आधीच कळतो. दीपगृहात मला परत यावं लागलं आणि परत येण्यातच सगळा जीव होता. कधी परतीची वाट कापा, कधी चालायला लावा. ते त्या जागेने ठरवू दे.

जागेचा इतिहास सांगायला तुमच्याकडे वेळ किंवा लेखक नसतील, तर निदान एक नियम द्या. फक्त तिथलाच. 1998 सालच्या ‘ओकारिना ऑफ टाइम’मधलं वॉटर टेंपल लोकांनी शिव्या देत खेळलं, पण विसरलं कुणी नाही. पाण्याची पातळी तीन उंचींवर बदलायची आणि तीच इमारत तीन वेळा नव्याने समजून घ्यायची. वैताग आला तो जड लोखंडी बुटांचा: ते घालायला आणि काढायला दर वेळी खेळ थांबवून मेनूत जावं लागायचं. झेल्डाच्या खेळांचे एक प्रमुख रचनाकार आयजी आओनुमा यांनी या बुटांच्या त्रासाबद्दल पुढे जाहीरपणे खेदही व्यक्त केला. 2011 मध्ये निंटेंडोच्या हातात धरून खेळायच्या 3डीएस यंत्रावर हा खेळ नव्याने आला तेव्हा त्यांनी बूट बटणावर आणले, पाणी बदलायच्या जागा दाखवायला भिंतींवर रंगीत पट्टे ओढले, आणि पाण्याला हातही लावला नाही. हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. खेळाडू कुरकुरले की आपण बहुतेकदा कल्पनाच कापून टाकतो. कुरकुर नक्की कशाची आहे, हे इतक्या शांतपणे तपासणारे थोडे.

‘डार्क सोल्स’मधल्या टूम ऑफ द जायंट्सचा नियम याहून साधा: काहीच दिसत नाही. कंदील मिळतो, पण तो धरायला हात लागतो आणि ढाल खाली ठेवावी लागते. दिसणं हवं की जीव वाचणं, ते तुम्ही ठरवा. बस, एवढंच. तिथली एकही खोली मला नीट काढता आली नाही आणि ते पान वहीत काळं करून ठेवलंय.

आणि पुनरावृत्तीचंच भय वाटत असेल तर ‘एल्डन रिंग’मधली लेंडेल कॅटॅकॉम्ब्ज पाहा. 2022 च्या या खेळातली बरीच भुयारं एकाच साच्यातली आहेत, ही तक्रार रास्त आहे. पण राजधानीच्या गटारांखालचं हे भुयार त्या साच्यालाच कोडं करून टाकतं. खाली उडी मारता आणि पुन्हा त्याच खोलीत येता. पुन्हा उडी, पुन्हा तीच खोली. आपण गोल गोल फिरतोय अशी खात्री पटते, आणि मग लक्षात येतं की इथला राक्षस मघाशी त्या कोपऱ्यात होता, आता या कोपऱ्यात आहे. खोल्या वेगवेगळ्या आहेत, एकसारख्या बांधलेल्या. मी वहीत तीच चौकट तीनदा काढली तेव्हा कुठे उलगडा झाला.

संगणकाने आपोआप रचलेल्या डंजनांबद्दल थोडक्यात. 1980 च्या ‘रोग’ (Rogue) या खेळापासून ही परंपरा आहे आणि तिची मजा निराळी, तिथे जागा आठवावी अशी अपेक्षाच नसते, आठवतो तो प्रसंग. तरीही हाताने ठेवलेली एक गोष्ट सगळं बदलते. पहिल्या ‘डायब्लो’त चर्चबाहेर एक घायाळ गावकरी पडलेला असतो, मरता मरता तो बुचर नावाच्या राक्षसाबद्दल सांगतो. दुसऱ्या मजल्याची रचना दर खेळात वेगळी, पण ज्या खेळात बुचर येई, त्यात कुठेतरी त्याची ती रक्ताने माखलेली बंद खोली असायचीच. दार उघडलं की आतून त्याचा तो आवाज. इतर मजले सगळ्यांना एकसारखेच लक्षात नसतात, ती खोली मात्र ज्याला त्याला आठवते.

आता राहणाऱ्यांबद्दल, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं. राक्षस खोलीत उभे असतात. का उभे असतात? काय खातात? पाणी कुठून आणतात? शेजारच्या खोलीतल्या वेगळ्या जातीच्या राक्षसांशी त्यांचं जमतं का? 1992 सालच्या ‘अल्टिमा अंडरवर्ल्ड’ने हे विचारलं होतं. ते आठ मजली पाताळ म्हणजे कॅबिरस नावाच्या सरदाराने वसवलेली वसाहत. वेगवेगळ्या जमातींनी गुण्यागोविंदाने राहावं, असं त्याचं स्वप्न. तो मेला आणि वसाहत फुटली. म्हणून पहिल्याच मजल्यावर हिरव्या आणि करड्या गॉब्लिनांच्या दोन वस्त्या आहेत, एकमेकांवर खार खाऊन. तलवार न उपसता त्यांच्याशी बोलता येतं. सरड्यांसारख्या माणसांची भाषा शब्दाशब्दाने शिकावी लागते. तीस वर्षं होऊन गेली, तरी तलवार म्यान करून आत शिरता येईल अशी डंजनं आजही मोजकीच आहेत.

खऱ्या जगातही बघण्यासारखं पुष्कळ आहे. तुर्कस्तानात कॅपाडोशिया भागात डेरिंकुयू नावाचं भूमिगत शहर आहे, सुमारे 85 मीटर खोल, मऊ खडकात कोरलेलं. हल्ला झाला की माणसं गुरांसकट आत जाऊन राहायची. तबेले, कोठारं, प्रार्थनेची जागा, हवेसाठी खोल उभे झरोके. बोगदे अरुंद, कारण शत्रू एकेकटाच आत यावा. आणि दारं म्हणजे जात्याच्या तळीसारखे प्रचंड गोल दगड, जे फक्त आतून लोटून बंद करता येतात. दगडाच्या मध्यभागी एक भोक. मी फक्त चित्रं पाहिली आहेत, पण एक गोष्ट मनात घर करून बसली: या जागेत शिरणारा आरपीजीचा नायक म्हणजे त्या शहराच्या दृष्टीने शत्रू. प्रत्येक वळण त्याला अडवायला कोरलेलं. एवढी एक जाणीव ठेवून डंजन बांधलं तर ढीगभर सापळे वेगळे शोधावे लागणार नाहीत.

वाटांबद्दल एक आठवण. जेनेल जॅक्वेज 2024 च्या सुरुवातीला गेल्या. त्यांनी 1979 मध्ये टेबलावर खेळायच्या खेळासाठी ‘कॅव्हर्न्स ऑफ थ्रेशिया’ रचलं. आत शिरायला एकाहून जास्त तोंडं, एकमेकांत गुंतलेल्या वाटा, आणि खाली उतरत जावं तसे एका हरवलेल्या संस्कृतीचे थर. पुढे ‘डार्क सोल्स’मध्ये चर्चमधली लिफ्ट खाली उतरते आणि आपण पुन्हा फायरलिंक श्राइन या सुरुवातीच्या मुक्कामी पोचतो, तेव्हा जो हर्ष होतो तो त्याच जातीचा आहे. जागा आपल्या डोक्यात जुळते. सरळ बोगद्यात हे सुख नाही, कारण तिथे चुकायलाच वाव नसतो.

या पत्राचा शेवटचा भाग तुमच्या वरिष्ठांसाठी, जे वेळापत्रक आखतात. ‘ड्रॅगन एज 2’ हा 2011 सालचा खेळ त्यातल्या माणसांसाठी मला अजून प्रिय आहे, पण त्यात तीच गुहा वेगवेगळी दारं बंद करून वेगवेगळ्या नावांनी येते, ही टीका जगभर झाली आणि ती खरी होती. ते डिझायनरांच्या आळसाने झालं असं मला मुळीच वाटत नाही. खेळ घाईत बांधला की असंच होणार. म्हणून विनंती आहे: जाहिरातीत डंजनांचा आकडा लिहू नका, म्हणजे तो गाठायची सक्ती राहणार नाही. पन्नासऐवजी पंधरा बांधू द्या. आणि त्या पंधरांपैकी प्रत्येकाला सुरुवातीचे दोन दिवस असे द्या, ज्यात कुणी भिंत उभी करायची नाही. फक्त ठरवायचं की इथे कोण राहत होतं, त्यांचं काय झालं, आणि खेळाडूने इथे असं काय करायचं जे दुसरीकडे कुठेच करावं लागत नाही.

आणखी एक छोटी मागणी. नकाशा आपोआप भरत असला तरी त्यावर लिहायला जागा ठेवा. 2007 च्या ‘एट्रियन ओडिसी’त डीएस या हातात धरायच्या दोन पडद्यांच्या यंत्राच्या खालच्या पडद्यावर नकाशा स्वतः काढावा लागायचा आणि त्यावर खुणा, टिपणं करता यायची. तेवढी सोय आजच्या मोठ्या खेळांतही सहज देता येईल. स्नोपीकचा नकाशा मी अर्ध्यावर सोडला, कारण भोपळा घेऊन परत आलो तेव्हा ते घर मला पाठ झालं होतं. कोपऱ्यातली ती ओळ मात्र लिहून ठेवावीशी वाटली.

आपला,
चौकटीच्या वहीत नकाशे काढणारा एक खेळाडू